गर्दीत चित्र का थांबते?

लासूर स्टेशन या नावातच वाहतूक आहे. शिवना नदीकाठचे लासूर आणि तेथील दाक्षायणी देवीचे स्थान जुने. निजामाच्या राजवटीत मनमाडहून हैदराबादकडे जाणारा लोहमार्ग आला आणि स्थानकाभोवती ही पेठ वसली. कांदा, कापूस आणि भुसार मालाच्या व्यापारावर ती वाढली. येथील माणसाला आवक आणि जावक या शब्दांचा अर्थ शिकवावा लागत नाही. गाडी का खोळंबली, माल कोठे अडला, वजनकाट्यापाशी रांग का लागली, हे तो अनुभवाने जाणतो. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहता अगदी नवा वाटेल. परंतु त्याचे मर्म याच जुन्या जाणिवेत आहे.

आपल्या घरांतील मुले आज क्रिकेटइतक्याच तन्मयतेने ई-स्पोर्ट्सचे सामने पाहतात. सुट्टीच्या दिवशी युवक मंडळाची मुले एखाद्या मंगल कार्यालयात, महाविद्यालयाच्या सभागृहात किंवा दुकानाच्या माळ्यावर जमतात, भिंतीवर पडदा लावतात आणि अंतिम सामन्याचे थेट प्रक्षेपण सुरू करतात. सभागृह भरते, सामना रंगतो आणि नेमक्या निर्णायक क्षणी चित्र गोठते. पडद्याच्या मध्यभागी एक वर्तुळ फिरू लागते. मग जो तो खिशातून आपापला मोबाइल काढून तोच सामना स्वतंत्रपणे लावतो आणि उरलेसुरले इंटरनेटही बसते. पाच मिनिटांपूर्वी एकत्र टाळ्या वाजवणारी दीडशे मुले आता दीडशे लहान पडद्यांवर माना वाकवून बसलेली दिसतात.

म्हणूनच हा प्रश्न केवळ तंत्रज्ञावर सोपवून चालणार नाही. एरवी जे बंद खोलीत, एकट्याने, कानात बोळे घालून पाहिले जाते, ते चार वडीलधाऱ्यांच्या देखत एका छताखाली पाहिले जाण्याची ही दुर्मीळ संधी असते. चित्र थांबले की ती संधी निसटते. चित्र चालू राहावे यासाठी काय करावे, हे समजून घेणे पालकांच्याही हिताचे आहे.

ई-स्पोर्ट्स : थोडी ओळख

संगणकावर किंवा मोबाइलवर, ठरलेल्या नियमांनुसार, पंचांच्या देखरेखीखाली खेळल्या जाणाऱ्या संघटित स्पर्धांना ई-स्पोर्ट्स म्हणतात. २०१८ च्या जाकार्ता आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांना प्रात्यक्षिक खेळ म्हणून स्थान मिळाले. तेव्हा गुजरातमधील भुजच्या तीर्थ मेहता याने ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या डावासारख्या बुद्धिप्रधान खेळात कांस्यपदक पटकावले. २०२३ च्या हांगझोऊ स्पर्धेत ई-स्पोर्ट्सची पदके प्रथमच अधिकृत पदकतक्त्यात मोजली गेली. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने हा विषय केंद्रीय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला होता.

पालकांनी एक भेद मात्र पक्का लक्षात ठेवावा. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. या कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. कौशल्यावर आधारलेल्या ई-स्पोर्ट्सला मात्र स्वतंत्र मान्यता दिली. जुगार वेगळा आणि स्पर्धा वेगळी, ही रेषा आता कायद्यानेच आखून दिली आहे.

या क्षेत्रात आपल्या परिचयाचे खेळही येऊ लागले आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात सौदी अरेबियातील रियाध येथे झालेल्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात बुद्धिबळाचा प्रथमच समावेश झाला. नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन तेथे विजेता ठरला आणि वारंगळच्या अर्जुन एरिगैसीने चौथे स्थान मिळवले. त्याच सुमारास, २८ जुलै २०२५ रोजी, नागपूरच्या दिव्या देशमुखने जॉर्जियातील बातुमी येथे कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला. तो सामना पटावर झाला असला, तरी महाराष्ट्रातील बहुतेक रसिकांनी तो पाहिला मोबाइलच्याच पडद्यावर. म्हणजे थेट प्रक्षेपण अडखळण्याचा प्रश्न केवळ बंदुकांचे खेळ पाहणाऱ्या मुलांचा राहिलेला नाही.

दोष दूर नाही, जवळ आहे

चित्र थांबले की आपण सामान्यतः दूरच्या कोणाला तरी दोष देतो. ‘सर्व्हर बसला’, ‘कंपनीचे नेट गेले’ असे उद्गार निघतात. वस्तुस्थिती बहुधा वेगळी असते. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबाद येथे भारत-ऑस्ट्रेलिया विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. एका क्षणी ५.९ कोटी प्रेक्षक एकाच वेळी आपले प्रक्षेपण पाहत असल्याचे डिस्ने प्लस हॉटस्टारने जाहीर केले होते. हे कसे शक्य झाले? मोठा व्यापारी जसा मुख्य वखारीतून थेट प्रत्येक ग्राहकाला माल पाठवत नाही, तर गावोगावी गोदामे ठेवतो, तसेच येथेही होते. चित्राच्या प्रती देशभरातील अनेक केंद्रांत ठेवल्या जातात आणि प्रत्येक प्रेक्षकाला त्याच्या जवळच्या केंद्रातून पुरवठा होतो.

कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचणारे चित्र दीडशे जणांच्या सभागृहात अडते, याचा अर्थ अडचण शेवटच्या टप्प्यात आहे. हा टप्पा म्हणजे मोबाइलच्या टॉवरपासून हातातील मोबाइलपर्यंतचे किंवा भिंतीवरील राउटरपासून पडद्यापर्यंतचे अंतर. माल गोदामापर्यंत आला आहे. खोळंबा दुकानाच्या दारात आहे. ही बाब एका दृष्टीने दिलासा देणारी आहे, कारण दुकानाचे दार आपल्या ताब्यात असते.

येथे उशीर आणि अडथळा यांतील फरकही समजून घ्यावा. पडद्यावरील सामना प्रत्यक्षाहून काही सेकंद किंवा क्वचित काही मिनिटे मागे असतो. चित्र लहान लहान तुकड्यांत बांधून पाठवले जाते, त्यामुळे काही उशीर अटळ असतो. शिवाय अनेक स्पर्धांचे आयोजक मुद्दामच प्रक्षेपण उशिरा दाखवतात, जेणेकरून प्रतिस्पर्ध्याची जागा थेट पडद्यावर पाहून कोणी लबाडी करू नये. खेळणाऱ्यासाठी क्षणाचा विलंबही घातक असतो. पाहणाऱ्याला अर्ध्या मिनिटाच्या उशिराने काहीही बिघडत नाही. पाहणाऱ्याचा खरा शत्रू म्हणजे मध्येच थांबणारे चित्र.

ते का थांबते, हे घराच्या गच्चीवरील टाकीच्या उदाहरणाने कळेल. मोबाइल किंवा टीव्ही पुढील काही सेकंदांचे चित्र आधीच साठवून ठेवतो. नळातून येणारे पाणी वापरापेक्षा कमी पडू लागले की टाकी हळूहळू रिती होते आणि शेवटी तोटी कोरडी पडते. फिरणारे वर्तुळ म्हणजे रिकामी टाकी.

एकेरी मार्गाचा नियम

गर्दीत वायफाय का मंदावते, हे लासूर स्टेशनच्या प्रवाशाइतके सहज क्वचितच कोणाला कळेल. मनमाड ते छत्रपती संभाजीनगर हा लोहमार्ग वर्षानुवर्षे एकेरी राहिला. समोरून गाडी येत असेल तर आपली गाडी स्थानकात उभी राहते. ‘क्रॉसिंग’ झाल्याशिवाय पुढे सरकत नाही. वायफायचा नियम हाच आहे. एका राउटरच्या एका वाहिनीवर, म्हणजे चॅनेलवर, एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीची उपकरणे आधी कानोसा घेतात आणि मार्ग मोकळा झाला की आपला माल पाठवतात. दोघे एकदम बोलले तर दोघांचाही माल वाया जातो आणि पुन्हा पाठवावा लागतो. दहा उपकरणे असतील तर हे सुखाने चालते. शंभर झाली की बराचसा वेळ वाट पाहण्यातच जातो.

त्यातही एक खुबी आहे. एकेरी मार्गावर संथ मालगाडी पुढे असेल, तर मागच्या वेगवान गाडीलाही तिच्याच चालीने जावे लागते. सभागृहाच्या कोपऱ्यात, राउटरपासून लांब बसलेला एखादा जुना मोबाइल तेवढेच चित्र घेण्यासाठी कितीतरी अधिक वेळ मार्ग अडवून धरतो. त्याचा भुर्दंड राउटरजवळ बसलेल्यांनाही पडतो.

भर म्हणून मुले आपापले हॉटस्पॉट सुरू करतात. वायफायच्या जुन्या, म्हणजे २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. त्या तीन वाहिन्यांवर तीस हॉटस्पॉट सुरू झाले, तर आठवडी बाजारात तीस विक्रेत्यांनी एकाच ठिकाणी उभे राहून ओरडावे तशी गत होते. आवाज सर्वांचा, ऐकू कोणाचेच नाही.

मोबाइलच्या टॉवरचेही तेच. पडद्यावर रेंजच्या सर्व रेघा भरलेल्या दिसतात, तरी चित्र हलत नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटते. त्या रेघा टॉवरचा आवाज किती स्पष्ट येतो एवढेच सांगतात. टॉवरकडे आपल्यासाठी जागा किती शिल्लक आहे, हे सांगत नाहीत. डब्यापर्यंत पोहोचणे निराळे आणि डब्यात बसायला जागा मिळणे निराळे. कार्तिकी पौर्णिमेची कचनेर यात्रा असो, महावीर जयंतीची शोभायात्रा असो किंवा ई-स्पोर्ट्सचा अंतिम सामना, गर्दी वाढली की हा नियम सर्वत्र सारखाच लागू होतो.

व्यापाऱ्याचा हिशेब

आता आकडे मांडू. यूट्यूबच्या मार्गदर्शनानुसार चित्र अखंड दिसण्यासाठी ४८० दर्जाला सुमारे १.१ एमबीपीएस, ७२० दर्जाला २.५ एमबीपीएस आणि १०८० दर्जाला ५ एमबीपीएस एवढा सलग वेग लागतो. सभागृहातील १५० जणांनी आपापल्या मोबाइलवर ७२० दर्जाचे चित्र लावले, तर मागणी होते ३७५ एमबीपीएस. तोच सामना एका मोठ्या पडद्यावर १०८० दर्जाने दाखवला, तर पुरतात ५ एमबीपीएस. पाऊणशे पट अंतर! आणि मोठ्या पडद्यावरचे चित्र मोबाइलवरच्यापेक्षा अधिक चांगले, हे वेगळेच.

दुसरा हिशेब डेटाचा. ७२० दर्जाचे चित्र तासाला साधारण १.१ जीबी डेटा खाते. अनेकांच्या मोबाइल योजनेत दिवसाला दीड ते दोन जीबी मिळतो. तो दोन तासांच्या आतच संपतो आणि त्यानंतर अनेक योजनांत वेग ६४ केबीपीएसवर आणला जातो. या वेगाने चित्र दिसणे अशक्य. सामन्याच्या उत्तरार्धात ‘नेट गेले’ अशी जी ओरड होते, तिच्यामागे अनेकदा हेच साधे कारण असते : दिवसाचा वाटा संपलेला असतो.

तिसरा हिशेब सार्वजनिक वायफायचा. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून सुरू झालेली रेलटेलची वायफाय सेवा आज देशातील ६,००० हून अधिक स्थानकांवर पोहोचली आहे. तिच्यात दिवसाची पहिली ३० मिनिटे १ एमबीपीएस वेगाने विनामूल्य मिळतात. तिकीट पाहणे, निरोप पाठवणे, बाजारभाव तपासणे यासाठी हा वेग उत्तम. पण तो ४८० दर्जाच्या चित्रालाही थोडा अपुराच आहे. फलाटावर बसून सामना पाहायचा असेल तर ३६० दर्जा निवडावा, त्याला ०.७ एमबीपीएस पुरतात.

सामन्यापूर्वीची तयारी

या हिशेबातून उपाय आपोआप निघतात. युवक मंडळाने ते कार्यक्रमापूर्वी एक-दोन दिवस अमलात आणावेत.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा उपाय : पडद्याला तारेने जोडा. राउटरपासून लॅपटॉप किंवा टीव्हीपर्यंत इंटरनेटची केबल ओढावी. ही केबल शंभर मीटरपर्यंत बिनदिक्कत काम देते. सभागृहासाठी एवढे अंतर पुष्कळ झाले. तारेतून येणारे चित्र हवेतील गर्दीत सापडत नाही. त्याला स्वतःचा स्वतंत्र मार्ग मिळतो.

दुसरा उपाय : मोबाइलवरील चित्र बिनतारी पद्धतीने टीव्हीवर उमटवण्याचा मोह टाळावा. त्यात चित्र आधी हवेतून मोबाइलमध्ये येते आणि पुन्हा हवेतूनच टीव्हीकडे जाते. एकाच मालाला दोनदा हमाली पडते. मोबाइल किंवा लॅपटॉप एचडीएमआय केबलने पडद्याला जोडावा, नाहीतर टीव्हीतील यूट्यूबवर थेट सामना लावावा.

तिसरा उपाय : वायफाय वापरणे भागच असेल, तर पडद्यासाठी ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा निवडावा. त्याचा पल्ला कमी असतो, भिंतीतून तो नीट जात नाही. परंतु त्यात वाहिन्या अधिक आणि गर्दी कमी असते. राउटर कपाटात किंवा टेबलाखाली न ठेवता माणसांच्या डोक्यांहून वर, शक्यतो पडद्याच्या समोर दिसेल असा लावावा. मानवी शरीरात पाण्याचा अंश मोठा असतो आणि पाणी या लहरी शोषून घेते. रिकाम्या सभागृहात छान चालणारे वायफाय भरल्या सभागृहात मंदावते, याचे हेही एक कारण आहे.

चौथा उपाय : पडद्याच्या जोडणीचा परवलीचा शब्द सर्वांना सांगू नये. पाहुण्यांसाठी वायफाय द्यायचेच असेल तर बहुतेक राउटरमध्ये ‘गेस्ट’ अशी वेगळी सोय असते. तिला वेगाची मर्यादा घालता येत असल्यास घालावी. सामना चालू असताना त्याच जोडणीवरून कोणी मोठा व्हिडिओ पाठवू लागले, तर बाहेर जाणाऱ्या मालाचा ढीग दारातच साचतो आणि आत येणारे चित्रही अडते. लॅपटॉप व टीव्ही यांची अद्ययावतीकरणे आदल्या दिवशी उरकून घ्यावीत आणि छायाचित्रांचा आपोआप होणारा साठा तेवढ्यापुरता बंद ठेवावा.

पाचवा उपाय : चाचणी योग्य वेळी घ्यावी. दुपारी रिकाम्या दालनात मोजलेला वेग संध्याकाळी कामाचा नसतो, कारण संध्याकाळी गावभर लोक घरी परतून इंटरनेट वापरतात. ज्या वेळी सामना आहे, त्याच वेळी आदल्या संध्याकाळी अर्धा तास एखादे थेट प्रक्षेपण चालवून पाहावे. केवळ वेगाचा मोठा आकडा पाहून समाधान मानू नये. तो आकडा अर्धा तास टिकतो का, हे पाहावे.

सहावा उपाय : पर्याय तयार ठेवावा. फायबरची तार शाबूत असली, तरी वीज गेली की भिंतीवरील फायबरची पेटी आणि राउटर दोन्ही बंद पडतात. दोघांना वीज फार थोडी लागते. लहान इन्व्हर्टरवर ते तासन्‌तास चालतात. फायबरच बंद पडले, तर दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड असलेला एक मोबाइल खिडकीजवळ, चार्जरला लावून सज्ज असावा. तो लॅपटॉपला यूएसबी केबलने जोडता येतो. हॉटस्पॉटची गरज राहत नाही.

सामना सुरू झाल्यावर

सुरुवातीलाच व्यासपीठावरून एक विनंती करावी : सर्वांनी आपले हॉटस्पॉट आणि मोबाइलचा डेटा बंद ठेवावा. प्रवचनापूर्वी मोबाइल शांत ठेवण्याची सवय आपल्या समाजाला आहेच. ही तिचीच पुढची पायरी. निर्णायक डाव मोबाइलवर टिपून लगेच पाठवण्याची ऊर्मीही सामना संपेपर्यंत आवरावी.

तरीही चित्र अडखळू लागले, तर दर्जा आपोआप बदलू देण्याऐवजी एक पायरी खाली आणून स्थिर करावा. १०८० ऐवजी ७२० केल्याने मागणी निम्मी होते आणि दहा फुटांवरून पाहणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. प्रक्षेपण मागे नेण्याची सोय असेल, तर ते अर्धा मिनिट मागे नेऊन पाहावे. त्यामुळे पुढचे चित्र आधीच साठवायला उपकरणाला अवकाश मिळतो, टाकी भरते. सभागृहात पडदा एकच असेल तर अर्ध्या मिनिटाचा उशीर कोणाच्या लक्षातही येत नाही. उलट शेजारच्याचा मोबाइल दहा सेकंद पुढे असला, की त्याच्या आरोळीने सर्वांचा रसभंग होतो. एक पडदा असला की आनंदही एकाच क्षणी सर्वांना मिळतो.

मोबाइलवरच पाहावे लागत असेल आणि ५जी चित्र थांबवत असेल, तर मोबाइल ४जीवर स्थिर करून पाहावा. ५जीची लहर क्षीण असेल तेथे मोबाइल सतत दोन्हींमध्ये ये-जा करतो आणि त्यातच वेळ दवडतो. खिडकीजवळ किंवा दारापाशी जाऊन बसल्यानेही पुष्कळदा फरक पडतो. याउलट ‘इंटरनेटचा वेग दुप्पट करा’ अशी जाहिरात करणाऱ्या ॲपच्या नादी लागू नये. एकेरी मार्गावर खोळंबलेल्या गाडीला नवा रंग दिल्याने ती वेगाने धावू लागत नाही. शिवाय अशी ॲप मोबाइलमधील खासगी माहिती मागतात, तो धोका वेगळाच.

पेठेने काय करावे

एखाद्या कार्यक्रमापुरती सोय करण्यापलीकडे जाऊन, आपल्या पेठेतील व्यापाऱ्यांनी एका कायमस्वरूपी सोयीचा विचार करावा. ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम-वाणी’ योजनेला मंजुरी दिली. या योजनेत कोणताही दुकानदार आपल्या दुकानात सार्वजनिक वायफाय केंद्र उघडू शकतो. त्यासाठी परवाना लागत नाही, नोंदणीशुल्क लागत नाही. पूर्वी टेलिफोनचे पीसीओ जसे पानटपरीपासून किराणा दुकानापर्यंत कोठेही असत, तशीच ही कल्पना. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, अशा केंद्रांना ब्रॉडबँड जोडणी घरगुती दराच्या दुपटीहून महाग देता येणार नाही, असेही ठरवून दिले. सभागृहाशेजारच्या दोन-तीन दुकानांत अशी केंद्रे असली, तर बाहेर उभ्या असलेल्या मंडळींचा भार एकाच राउटरवर पडणार नाही. ज्याच्याकडे आहे, त्याने गावासाठी दार उघडे ठेवावे, ही वृत्ती आपल्याला नवीन नाही.

काय पाहावे, कोठे पाहावे

तंत्राचा प्रश्न सुटला की विवेकाचा प्रश्न उरतो. स्थानक आणि मंदिर ही साधनेची ठिकाणे; असे कार्यक्रम तेथे नसावेत, याविषयी दुमत होऊ नये. त्यासाठी मंगल कार्यालय किंवा सभागृहच योग्य. सामना संध्याकाळी असेल तर अल्पोपाहार सूर्यास्तापूर्वी उरकावा, म्हणजे चौविहार करणाऱ्यांची अडचण होत नाही. वैयक्तिक वापरासाठी घेतलेल्या सशुल्क सेवेचे चित्र जाहीर कार्यक्रमात दाखवू नये. जे प्रक्षेपण सर्वांना खुले आहे तेच निवडावे.

अधिक नाजूक प्रश्न खेळाच्या आशयाचा. अनेक लोकप्रिय खेळांत बंदुका आहेत, मारणे आहे. पडद्यावर प्रत्यक्षात कोणाचा जीव जात नाही, हे खरे. परंतु आपल्या परंपरेने द्रव्यहिंसेइतकाच भावहिंसेचाही विचार केला आहे. कोणाला पाडल्यावर मनात जो हर्ष उसळतो, त्याचे मोल काय, हा प्रश्न मुलांना विचारलाच पाहिजे. तो विचारण्याची जागा मात्र बंद खोलीचे दार नव्हे. जे सर्वांसमोर पडद्यावर आहे, त्याबद्दलच मोकळेपणाने बोलता येते. बुद्धिबळ, फुटबॉल, मोटार शर्यती यांच्याही ई-स्पर्धा असतात आणि मंडळाने निवड करताना त्यांना अग्रक्रम द्यावा. येथे तंत्रही विवेकाच्या बाजूने उभे राहते. बुद्धिबळाच्या पटावर एका चालीला एकच मोहरा हलतो, बाकीचे चित्र स्थिर असते आणि न बदललेला भाग पुन्हा पाठवावा लागत नाही. म्हणून कमी वेगातही ते स्वच्छ दिसते. रणधुमाळीच्या खेळात प्रत्येक क्षणी संपूर्ण चित्र बदलते आणि कमी वेगात ते आधी धूसर होते, मग थांबते.

श्रावकाच्या बारा व्रतांत उपभोग-परिभोग परिमाण व्रत आहे. वापराच्या वस्तूंची मर्यादा आपण स्वतः ठरवावी, एवढे त्याचे साधे सार. आजवर आपण ही मर्यादा अन्नाला, वस्त्राला, वाहनाला लावली. दिसत नसला तरी हवेतील हा मार्गही मर्यादित आहे आणि तो सर्वांचा आहे. दीडशे जणांनी दीडशे वाटे मागितले तर कोणालाच पुरत नाही. सर्वांनी मिळून एक वाटा घेतला तर सर्वांना पुरून उरतो. गौतमप्रसादीच्या पंगतीत ताटात हवे तेवढेच घेणारा आणि शेवटी ताट धुऊन पिणारा आपला ज्येष्ठ श्रावक हे गणित कोणत्याही अभियंत्याइतके अचूक जाणतो. नातवाला राउटर कोठे लावावा हे ठाऊक असेल. वाटा किती घ्यावा हे आजोबांना ठाऊक आहे. पुढच्या सामन्याच्या वेळी दोघे एकाच सतरंजीवर बसले, तर चित्रही थांबणार नाही आणि संवादही.